वाचकांचे प्रश्न : नवजात कोकराची ऊब आणि तपकिरी चरबी

हिवाळ्याच्या तोंडावर मेंढपाळ, विद्यार्थी आणि परदेशस्थ वाचक यांच्याकडून आलेल्या पत्रांत एकाच विषयाभोवती फिरणारे प्रश्न बरेच होते, म्हणून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. उत्तरे सारख्या लांबीची नाहीत, कारण प्रश्नही सारख्या वजनाचे नाहीत.

प्रश्न : आमच्या वाड्यावर मार्गशीर्ष-पौषात बऱ्याच मेंढ्या व्यातात. उघड्या माळावर, पहाटेच्या गारठ्यात ओलेचिंब कोकरू जन्मते आणि थोड्याच वेळात उठून सड शोधू लागते. आम्ही मात्र घोंगडीतसुद्धा कुडकुडत असतो. पशुवैद्यकांनी सांगितले, की कोकराच्या मूत्रपिंडाभोवती तपकिरी चरबी असते आणि ती ऊब देते. चरबी ऊब देते म्हणजे नेमके काय करते? (माण तालुका, जि. सातारा)

उत्तर : आधी कोकरासमोरचे संकट किती मोठे असते ते पाहू. मेंढीच्या पोटात कोकरू ३९ अंश सेल्सियसहून अधिक तापमानात, आईपेक्षाही सुमारे अर्ध्या अंशाने उबदार असते. जन्मल्यावर अंग पूर्ण कोरडे असले, तरी जादा उष्णता निर्माण न करता आपले तापमान टिकवायचे तर त्याला भोवतालची हवा ३० अंशांच्या आसपास लागते. अंग ओले असेल तर त्याहूनही अधिक. म्हणजे आपल्याला सुखद वाटणारी २० अंशांची सकाळ कोकराच्या हिशेबी थंडीच असते, मग पौषातल्या पहाटेची गोष्टच वेगळी. त्यातच अंगावरचा गर्भजलाचा ओलावा उडून जाताना उष्णता घेऊन जातो. एक ग्रॅम पाणी उडायला साधारण २.४ किलोज्यूल उष्णता लागते. शंभर ग्रॅम ओलावा केवळ अंगाच्या उष्णतेवर वाळवायचा झाला, तर सुमारे सहा ग्रॅम चरबी जाळून मिळेल तेवढी ऊर्जा त्यातच खर्च होते, आणि तीन किलोच्या कोकराजवळ जाळण्याजोगी चरबी असते तीच मुळात पन्नास-साठ ग्रॅमच्या आत. मेंढी व्याल्याबरोबर कोकरू चाटू लागते ती केवळ माया नव्हे. त्या चाटण्याने कोकराचा मोठा खर्च वाचतो.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. चरबी ऊब देते म्हटले, की कातडीखालचा जाड थर डोळ्यांसमोर येतो. तो थर उष्णता निर्माण करीत नाही, बाहेर जाणारी उष्णता फक्त अडवतो. आणि नवजात कोकराच्या कातडीखाली असा थर जवळजवळ नसतोच. त्याची बहुतेक चरबी शरीराच्या आत, मुख्यतः दोन्ही मूत्रपिंडांभोवती आणि थोडी हृदयाभोवती व इतरत्र असते. तिचे वजन शरीराच्या वजनाच्या साधारण दोन टक्के, म्हणजे तीन किलोच्या कोकरात पन्नास-साठ ग्रॅम भरते. ही चरबी जागच्या जागी जाळण्यासाठीच घडवलेली असते.

पांढऱ्या चरबीच्या पेशीत तेलाचा एकच मोठा थेंब असतो आणि बाकीचा सारा संसार कडेला दाबला गेलेला असतो. तपकिरी पेशीत मात्र अनेक बारीक थेंब असतात आणि त्यांच्यामध्ये मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रे, दाटीवाटीने भरलेले असतात. त्यांतल्या लोहयुक्त प्रथिनांमुळे आणि भोवतीच्या दाट रक्तवाहिन्यांमुळे या चरबीला तपकिरी छटा येते. कोणत्याही पेशीत मायटोकॉन्ड्रिया अन्नातल्या ऊर्जेच्या बळावर आपल्या आतल्या पटलापलीकडे हायड्रोजनचे आयन ढकलून साठवतात, आणि हे आयन परत येताना एटीपी हे पेशीचे ऊर्जेचे चलन तयार होते. कोयनेचे अडवलेले पाणी जनित्रांवरून खाली सोडले की वीज मिळते, तसेच काहीसे हे आहे. तपकिरी चरबीत मात्र त्याच पटलात यूसीपी-१ नावाचे प्रथिन बसलेले असते. ते जनित्र टाळून थेट खाली जाणारा दरवाजा उघडते. पाणी वेगाने वाहते, वीज तयार होत नाही, सारी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने तिथेच मोकळी होते. पुढे रक्त ती उष्णता अंगभर नेते. पूर्ण जोरात चालू असताना तपकिरी चरबी दर किलोमागे सुमारे ३०० वॅट उष्णता देऊ शकते, तर शरीरातले इतर बहुतेक ऊतक विश्रांतीत दर किलोमागे एखादा वॅट देतात. या हिशेबाने कोकराच्या पन्नास-साठ ग्रॅम चरबीतून पंधरा ते अठरा वॅट मिळू शकतात.

ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेचे जॉर्ज अलेक्झांडर यांनी १९६० च्या दशकात नवजात कोकराच्या उष्णतेचा पद्धतशीर अभ्यास केला. कडाक्याच्या थंडीत कोकरू जास्तीत जास्त किती उष्णता निर्माण करू शकते, हे त्यांनी मोजले. हा आकडा दर किलो वजनामागे १५ ते २० वॅटच्या घरात, म्हणजे विश्रांतीतल्या उष्णतेच्या चार-पाच पट निघतो. विश्रांतीच्या पातळीवरची ही जादा उष्णता दोन मार्गांनी येते. पहिला मार्ग स्नायूंची हुडहुडी आणि दुसरा तपकिरी चरबी. अलेक्झांडर आणि विल्यम्स यांच्या १९६८ च्या प्रयोगांनुसार दोघांचा वाटा ढोबळमानाने निम्मा-निम्मा ठरतो. त्यामुळे 'कोकरू कापत नाही, म्हणजे त्याला थंडी वाजत नाही' असे समजू नये. अंगाचा एकही स्नायू न हलवता ते आतून चरबी जाळत असू शकते.

या ऊतकाचे वर्णन फार जुने आहे. स्विस निसर्गअभ्यासक कॉनराड गेस्नर यांनी १५५१ मध्ये मार्मोट या शीतनिद्रा घेणाऱ्या प्राण्यात ते नोंदवले होते. पण ते कशासाठी आहे, हे कळायला जवळजवळ चार शतके गेली. ऑक्सफर्डमध्ये डॉकिन्स आणि हल यांनी १९६४ मध्ये सशाच्या नवजात पिलांत ते ऊब निर्माण करते हे दाखवले, आणि यूसीपी-१ ची ओळख पटायला १९७० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला.

प्रश्न : तपकिरी चरबी जन्माआधीच तयार असेल, तर ती पोटातच का पेटत नाही? आणि जन्मल्यावर ती चालू होण्याची आज्ञा कोण देते? (पशुविज्ञानाची विद्यार्थिनी, परभणी)

उत्तर : आपल्या प्रश्नात जो तर्क आहे, तोच धरून न्यूझीलंडमध्ये ऑकलंड येथे ग्लुकमन, गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात प्रयोग केले. गर्भाला थंडी लागत नाही म्हणून चरबी पेटत नाही, असे मानले तर पोटातच त्याला थंडी लावून पाहावी, हा त्यांचा विचार होता. त्यांनी गाभण मेंढीच्या गर्भाशयात गर्भाभोवती नळीचे वेटोळे बसवून त्यातून थंड पाणी फिरवले. गर्भाचे तापमान उतरले, त्याने श्वासाच्या हालचाली केल्या, तो थरथरलाही. पण तपकिरी चरबीने फारशी दाद दिली नाही. पुढच्या प्रयोगांत गर्भाच्या फुप्फुसांना वेगळा प्राणवायू पुरवला आणि मग नाळ दाबून बंद केली, तेव्हा उष्णतानिर्मिती झपाट्याने वाढली.

यावरून दोन गोष्टी कळतात. पहिली गोष्ट म्हणजे, चरबी जाळायला मुबलक प्राणवायू लागतो आणि गर्भाच्या रक्तातले त्याचे प्रमाण जन्मानंतरच्या तुलनेत बरेच कमी असते. दुसरी गोष्ट अधिक कुतूहलाची आहे. जारेकडून गर्भाच्या रक्तात काही रोधक द्रव्ये सतत येत असतात. त्यांत अ‍ॅडेनोसिन आणि प्रोस्टाग्लँडिन ई-२ यांची नावे घेतली जातात. चरबीचे विघटन ती दाबून ठेवतात. नाळ तुटली, की हा पुरवठा थांबतो आणि रोध सुटतो. गर्भाच्या दृष्टीने ही व्यवस्था शहाणपणाची आहे, कारण पोटातली जादा उष्णता बाहेर टाकायचा मार्ग जवळजवळ आईच्या रक्तातूनच जातो. तिथे चरबी पेटली तर गर्भ तापेल आणि बाहेरच्या दिवसासाठी राखलेले इंधनही संपेल.

प्रत्यक्ष आज्ञा चेतासंस्था देते. कातडीला गार हवा लागताच मेंदूकडून सिम्पथेटिक (इच्छेविना आपोआप काम करणाऱ्या) चेतातंतूंमार्फत तपकिरी चरबीत नॉरअ‍ॅड्रेनॅलिन स्रवते. ते पेशीवरच्या बीटा-३ ग्राहींना, म्हणजे हा निरोप झेलणाऱ्या प्रथिनांना, भिडते, तेलाचे थेंब फुटून मेदाम्ले मोकळी होतात, आणि हीच मेदाम्ले इंधनही ठरतात व यूसीपी-१ चा दरवाजाही उघडतात. हे सारे नीट घडावे म्हणून तयारी आधीच सुरू झालेली असते. गाभणकाळ सुमारे १४७ ते १५० दिवसांचा असतो. त्याच्या अखेरच्या महिन्यात यूसीपी-१ चे प्रमाण वाढत जाते, जन्माच्या आधी गर्भाच्या रक्तात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते, आणि जन्माच्या वेळी थायरॉइडच्या टी-३ या संप्रेरकाची पातळी उसळते. वेणा सुरू होण्याआधीच शस्त्रक्रियेने काढलेल्या कोकरांत ही उसळी कमी असते आणि त्यांचे तापमानही अधिक घसरते. दिवस न भरलेले कोकरू थंडीला लवकर बळी पडते, त्यामागे लहान आकाराइतकेच हे अपुरे राहिलेले संप्रेरकांचे कामही असते.

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात अवकाळी पावसाच्या सकाळी मला दोन कोकरे निपचित पडलेली सापडली. एक पहाटेच जन्मलेले, अजून ओले होते. दुसरे आदल्या दिवशी दुपारचे, अंगाने कोरडे, पण पोट खपाटीला गेलेले. दोघांनाही पुसून शेकोटीजवळ ठेवले. पहिले तासाभरात उठले. दुसरे गरम झाले, डोळे उघडले, आणि मग झटके येऊन मेले. उपाय एकच असताना असे का झाले? (जुन्नर तालुका, जि. पुणे)

उत्तर : आपण दोन्ही कोकरांचे वय आणि पोटाची स्थिती लिहिली, त्यामुळे उत्तर देता येते, एरवी अशा पत्रांत नेमकी तीच माहिती राहून जाते. ही दोन्ही कोकरे थंडच होती, पण त्यांचा आजार एक नव्हता.

एडिंबरोजवळच्या मोरडन संशोधन संस्थेत फ्रँक ईल्स, जॉन स्मॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस स्कॉटलंडमधील कळपांत थंड पडलेल्या कोकरांचा अभ्यास केला. अशी कोकरे मुख्यतः दोन वेळांना सापडतात, हे त्यांच्या लक्षात आले. पहिली वेळ जन्मानंतरच्या पहिल्या पाच तासांची असते. या कोकरांची उष्णता निर्माण होते त्यापेक्षा वेगाने निघून जाते. कारण अंग ओले, वारा बोचरा, आणि कधी बाळंतपण अडल्यामुळे प्राणवायू कमी पडून चरबीची भट्टी नीट पेटलेलीच नसते. पण त्यांच्याजवळ यकृत आणि स्नायूंतले ग्लायकोजेन (साखरेचा साठा) व तपकिरी चरबी अजून शिल्लक असते. अशा कोकराला कोरडे करून ऊब दिली, की त्याच्या शरीराचे काम पुन्हा सुरू होते. आपले पहिले कोकरू असे होते.

दुसरी वेळ साधारण दहा-बारा तासांनंतर, दुसऱ्या दिवसापर्यंतची असते. या कोकराने थंडीशी रात्रभर झुंज देऊन साठा संपवलेला असतो, आणि चीक पोटात न गेल्यामुळे तो भरून निघालेला नसतो. त्याच्या रक्तातली साखर अतिशय घसरलेली असते. अंग थंड असते तोवर मेंदूची गरजही मंदावलेली असते आणि ते कसेबसे तग धरून राहते. अशा वेळी नुसती ऊब दिली, तर मेंदू जागा होतो, साखर मागतो, ती रक्तात नसते, आणि झटके येऊन कोकरू मरते. आपल्या दुसऱ्या कोकराबाबत झालेले वर्णन याच्याशी तंतोतंत जुळते. त्याला शेकोटीच्या आधी साखर हवी होती.

म्हणून मोरडनच्या अभ्यासातून आलेला क्रम जगभरच्या मेंढपाळीत मान्य झाला, आणि तो वयावर व तापमानावर बसवलेला आहे. कोकराचे गुदद्वारातले तापमान ३९ ते ४० अंश असावे. ते ३७ ते ३९ असेल, तर अंग पुसून, आडोशाला नेऊन, चीक पाजला की बहुधा भागते. चोखत नसेल तर नळीने पाजावा. तापमान ३७ च्या खाली आणि वय पाच तासांच्या आत असेल, तर आधी कोरडे करून ऊब द्यावी आणि ३७ च्या वर आल्यावर चीक द्यावा. तापमान ३७ च्या खाली आणि वय पाच तासांहून अधिक असेल, तर ऊब देण्याआधी २० टक्के ग्लुकोजचे द्रावण, दर किलोमागे १० मिलिलिटर, अंगाच्या तापमानाइतके कोमट करून पोटाच्या पोकळीत टोचतात, आणि त्यानंतर ऊब देतात. हे इंजेक्शन सोपे आहे, पण सुई कुठे आणि कोणत्या दिशेने घालायची हे पशुवैद्यकांकडून प्रत्यक्ष पाहून, त्यांच्या हाताखाली करून शिकावे. वाचून करू नये. बेशुद्ध किंवा मान न धरणाऱ्या कोकराला नळीने किंवा बाटलीने काहीही पाजू नये, कारण ते फुप्फुसात जाते.

शेकोटीबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. तिच्याजवळ एक बाजू भाजते, दुसरी थंड राहते, आणि धूर फुप्फुसात जातो. खोक्यात ३५ ते ३७ अंशांची उबदार हवा खेळवणे उत्तम. वाड्यावर तेवढी सोय नसेल, तर फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या कोकराच्या दोन्ही अंगांना लावून वरून घोंगडी घालावी आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने तापमान पाहावे. नुसती घोंगडी पुरत नाही. घोंगडी उष्णता राखते, निर्माण करीत नाही, आणि थंड पडलेल्या कोकराजवळ राखण्यासारखे काही उरलेले नसते. हुडहुडी थांबली म्हणजे बरे वाटले, हा समजही सोडून द्यावा. शरीर फार थंड झाले की हुडहुडी आपोआप बंद पडते, आणि ते चांगले लक्षण नव्हे. या सगळ्यासाठी लागणारे एकमेव यंत्र म्हणजे थर्मामीटर. औषधांच्या पिशवीत पाचशे-हजारांच्या बाटल्या आणि थर्मामीटर मात्र नाही, हे चित्र आमच्या पाहण्यात वारंवार येते.

पाऊस आणि वारा एकत्र आले, की कोरड्या थंडीचे सारे आडाखे चुकतात. २०२१ च्या डिसेंबरच्या आरंभी पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत अवकाळी पाऊस व गारठा एकदम आला, तेव्हा मोठ्या मेंढ्याही शेकड्यांनी दगावल्या होत्या. मग एका दिवसाच्या कोकराच्या वाट्याला काय आले असेल, याची कल्पना करता येते.

चिकाबद्दल एक गोष्ट राहिली. चीक रोगप्रतिकारक प्रतिपिंडांसाठी पाजायचा, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. तो इंधनही आहे, आणि भरपूर चरबीचे इंधन आहे. चीक मिळालेल्या कोकराची जास्तीत जास्त उष्णता निर्माण करण्याची क्षमताच वाढते, हे ईल्स आणि स्मॉल यांनी दाखवले. एका वेळी दर किलोमागे ५० मिलिलिटर आणि पहिल्या चोवीस तासांत एकूण दर किलोमागे २०० मिलिलिटरच्या आसपास, असा हिशेब धरावा. पहिले पाजणे शक्य तितके लवकर, पहिल्या काही तासांतच व्हावे.

प्रश्न : करडू, वासरू, डुकराचे पिलू, कोंबडीचे पिलू या सर्वांत अशी चरबी असते का? (अलिबाग)

उत्तर : करडात आणि वासरात असते, आणि जन्मानंतरची तिची वाटचालही कोकरासारखीच असते. डुकरात ती नसते. डुकराच्या पूर्वजांत यूसीपी-१ चे जनुक सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच निकामी झाले, असे स्वीडनमधील संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले. त्यामुळे डुकराची पिले हुडहुडीवर, एकमेकांना चिकटून बसण्यावर आणि मादीने विण्याआधी रचलेल्या पालापाचोळ्याच्या घरट्यावर अवलंबून असतात. पक्ष्यांतही तपकिरी चरबी नाही. माणसाच्या तान्ह्या बाळात मात्र ती असते, दोन खांद्यांच्या मध्ये आणि मूत्रपिंडांभोवती.

प्रश्न : माझ्याकडे जुळी देणाऱ्या मेंढ्या आहेत. जुळ्यांतले एक तरी कोकरू थंडीने जाते. गाभणपणी काही करता येईल का? व्यायच्या आधी मेंढी कातरली, तर कोकरू दणकट होते असे एका विदेशी लेखात वाचले, ते खरे आहे का? (फलटण तालुका, जि. सातारा)

उत्तर : जुळ्यांचे दुखणे दुहेरी असते. प्रत्येक कोकराचे वजन कमी, त्यामुळे दर किलोमागे उघडे पडणारे अंग जास्त. आणि इंधनाचा साठाही वाटला गेलेला. दुसऱ्यांदा जन्मणाऱ्या कोकराला बाळंतपणात प्राणवायू कमी पडण्याची भीती अधिक असते, आणि ते बाहेर येते तेव्हा आई पहिल्याला चाटण्यात गुंतलेली असते. आपल्याच तालुक्यातल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गरोळ मेंढीचे, जुळी होण्यास कारण असलेले फेक-बी जनुक दख्खनी मेंढीत आणून 'सुवर्णा' मेंढी घडवली. तिच्यामुळे जुळ्यांचे प्रमाण वाढते, आणि त्याबरोबर पहिल्या दोन दिवसांची जबाबदारीही वाढते. जुळे मिळवणे जनुकाचे काम आहे. ते जगवणे आपले.

गर्भाच्या वजनाचा जवळजवळ सत्तर टक्के भाग शेवटच्या सहा आठवड्यांत भरतो. या काळात मेंढी उपाशी राहिली, तर कोकरू हलके जन्मते, त्याची तपकिरी चरबी कमी भरते, आणि मेंढीच्या कासेत चीकही कमी व उशिरा उतरतो. म्हणजे साठा कमी आणि तो भरून काढायची सोयही कमी. फिरत्या कळपात नेमक्या या दिवसांत चारा कुठे मिळेल, हे मेंढपाळाच्या हाती पूर्णपणे नसते याची आम्हाला जाणीव आहे. तरीही भरड्याचा मोजका खुराक द्यायचाच झाला, तर तो सगळ्या कळपावर पातळ पसरवण्यापेक्षा जुळे असलेल्या आणि अंगाने उतरलेल्या गाभण मेंढ्यांना शेवटच्या सहा आठवड्यांत द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. थंडीत कोकरू वाचवण्याचे निम्मे काम ते जन्मण्याआधीच होऊन गेलेले असते.

आता कातरणीबद्दल. इंग्लंडमध्ये मायकेल सायमंड्स आणि सहकाऱ्यांनी हिवाळ्यात गोठ्यात ठेवलेल्या गाभण मेंढ्या व्यायच्या सुमारे चार आठवडे आधी कातरल्या. या मेंढ्यांना थंडी जाणवत राहिली. त्यांची कोकरे अधिक वजनाची जन्मली, त्यांच्या मूत्रपिंडांभोवती तपकिरी चरबी जास्त भरली आणि थंडीत त्यांची उष्णतानिर्मितीही सरस ठरली. म्हणजे लेखातली माहिती खरी आहे. पण त्या मेंढ्या छपराखाली, वाऱ्यापावसापासून सुरक्षित होत्या आणि त्यांच्यापुढे पुरेसे खाद्य होते. उघड्या माळावर वाघरीत बसणारी, दिवसभर चालून आलेली आणि अर्धपोटी मेंढी कातरली, तर थंडीचा जादा खर्च ती गर्भाच्या वाट्यातून भागवील. त्यात अवकाळी पाऊस आला तर मेंढीही हातची जाईल. शिवाय गाभण मेंढी कातरणीसाठी पालथी-उताणी करताना अंग आखडण्याचा आणि गर्भ टाकण्याचा धोका असतो. आपल्या परिस्थितीत हा प्रयोग करू नये.

त्याऐवजी व्यायला टेकलेल्या मेंढ्या कळपातून वेगळ्या काढाव्यात, वाऱ्याच्या बाजूने ताडपत्रीचा किंवा काटक्या-कडब्याचा आडोसा करावा, खाली कोरडा पालापाचोळा पसरावा, आणि दुसरे कोकरू बाहेर पडताच ते आपण स्वतः फडक्याने पुसून आईच्या तोंडासमोर ठेवावे. पुसताना गर्भजलाचा वास थोडा राहू द्यावा, कारण आई त्याच वासावरून कोकरू आपलेसे करते.

प्रश्न : मी सध्या स्कॉटलंडमध्ये राहतो. इथल्या काळतोंड्या मेंढ्या पावसात, वाऱ्यात, डोंगरउतारावर व्यातात आणि कोकरे जगतातही. जातीजातीत हा फरक चरबीमुळे असतो का? (मूळ पुणे, सध्या एडिंबरो)

उत्तर : काही अंशी. आपण राहता त्याच शहरात जॉन स्ली यांनी या प्रश्नावर काम केले. नवजात कोकराला मानेपर्यंत पाण्यात ठेवून ते पाणी हळूहळू गार करीत जायचे आणि कोकराचे तापमान ३५ अंशांपर्यंत उतरायला किती वेळ लागतो ते मोजायचे, अशी त्यांची पद्धत होती. त्या मर्यादेवर कोकरू बाहेर काढून गरम केले जाई. या कसोटीत स्कॉटिश ब्लॅकफेससारख्या डोंगरी जाती बराच वेळ टिकल्या आणि मेरिनो लवकर हरल्या. त्यांनी ब्लॅकफेसमध्येच अधिक टिकणाऱ्या आणि कमी टिकणाऱ्या अशा दोन वंशरेषा निवडीने वेगळ्या काढून, हा गुण काही प्रमाणात आनुवंशिक आहे हेही दाखवले. फरकाची कारणे अनेक निघाली : जन्मवेळचे वजन, कातडीची जाडी, जन्मतः अंगावर असलेल्या केसांची लांबी आणि दाटी, आणि उष्णता निर्माण करण्याची क्षमता. न्यूझीलंडमधील लिंकन विद्यापीठात बीटा-३ ग्राहीच्या जनुकाच्या निरनिराळ्या रूपांचा थंडीने होणाऱ्या कोकरांच्या मृत्यूशी संबंध आढळला. वर दुसऱ्या उत्तरात आलेली चेतासंस्थेची आज्ञा ऐकणारा तो हाच ग्राही.

प्रश्न : मटणाच्या दुकानात बोकडाच्या किंवा मेंढ्याच्या गुर्द्याभोवती भरपूर चरबी दिसते, पण ती पांढरीशुभ्र असते. तपकिरी चरबी म्हणतात ती हीच का, की ती नाहीशी होऊन तिथे दुसरी येते? (कोल्हापूर)

उत्तर : जागा तीच, आणि चरबीचा साठाही तोच. जन्माच्या सुमारास यूसीपी-१ सर्वाधिक असते, आणि त्यानंतर ते झपाट्याने घटते. पेशींतले बारीक थेंब एकत्र येऊन एक मोठा थेंब होतो, मायटोकॉन्ड्रियांची गर्दी विरळ होते, आणि महिन्याभरात मूत्रपिंडाभोवतीची ती चरबी दिसायला आणि वागायला पांढरी होऊन जाते. कोकरू थंडीत वाढले, तरी हे स्थित्यंतर टळत नाही. उंदराचे याच्या उलट असते. त्याची पिले उघडी, आंधळी जन्मतात, त्यांची तपकिरी चरबी जन्मानंतर वाढते आणि मोठेपणीही टिकते.

कोकराला तिची गरज फार दिवस राहत नाही. आठवड्यागणिक त्याचे वजन वाढते, त्यामुळे दर किलोमागे थंडीला उघडे पडणारे अंग कमी होते. लोकर दाट होते. आणि ते चरायला लागले, की पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात चारा आंबताना आपसूकच उष्णता निघू लागते. पूर्ण वाढलेल्या, भरल्या पोटाच्या आणि अंगावर लोकर असलेल्या मेंढीला शून्य अंशांची कोरडी हवाही फारशी जाणवत नाही. आपण दुकानात पाहता त्या वयाच्या जनावरात गुर्द्याभोवतीची चरबी पुढच्या टंचाईसाठी राखलेला साठा असते, आणि जनावर किती खाऊन-पिऊन होते हे त्या साठ्याच्या जाडीवरून कसाईही ओळखतो.